दुपारी लेझर एमडीएफ आरपार कापत नाही, मशीन गेलंय का?

चादरवाला_पोरगा:
मंडळी, सोलापुरातच डिझाइनला आहे, शेवटचं वर्ष. वर्कशॉपला ६० वॅटचा सीओटू लेझर आहे, त्यावर ३ एमएम एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) लॅम्प कापायलोय, चारी बाजूंना चादरीवरच्या फुलांची जाळी. सकाळी ९ ला पहिला पॅनल मस्त निघाला आणि तीच फाइल, तेच सेटिंग दुपारी ३ ला लावलं तर खालचा थर सुटतच नाही, ब्लेडनं सोडवताना दोन पाकळ्या मोडल्या. सर म्हणाले स्पीड कमी कर, केला, तर कडा कोळशागत काळ्या आणि एकदा चक्क जाळ धरला. सबमिशन सोमवारी. आणि हँडलला रेक्झिन लावायचंय, ते यावरच कापलं तर चालंल ना?

जाळीवाला_७७:
लेन्स कधी पुसलीस? एमडीएफचा धूर चिकट असतो. एअर असिस्ट (कापताना मारायचा हवेचा झोत) चालू होतं का बघ, आणि जॉब लावून चहाला जाऊ नका बे.

नेमप्लेट_काका:
लेन्स पुसाच, पण लेन्स घाण असती तर सकाळी पण कापलं नसतं. लेझरची ट्यूब, म्हणजे किरण तयार करणारी नळी, गार ठेवणारं पाणी बघ बाळा. ते फिरवायला तुमच्याकडं सीडब्ल्यू-३००० असणार, त्याला चिलर म्हणतात पण आत कॉम्प्रेसर नसतो, नुसता रेडिएटर आणि पंखा, त्यामुळं खोलीच्या हवेपेक्षा पाणी गार होतच नाही. आपल्याकडं मेमध्ये पत्र्याखाली काय होतं तुला माहितीय. पाणी तापलं की ट्यूबची पॉवर पडते. १८ ते २५ डिग्री बरं. पॉवर वाढवून बघू नको, ट्यूब लवकर मरते.
रेक्झिन अजिबात नको!! बहुतेक पीव्हीसीचं असतं, जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, छातीला वाईट आणि मशीनचे रॉड गंजतात. खात्री करायची तर उघड्यावर तांब्याची तार लाल कर, रेक्झिनला टेकव, परत जाळात धर. हिरवा जाळ आला तर क्लोरीन आहे.

चादरवाला_पोरगा:
काका, सीडब्ल्यू-३०००च निघाला 😅 थर्मामीटर बुडवला तर ३७. टाकीत बर्फाची पिशवी सोडू का?

नेमप्लेट_काका:
पिशवी बंद असली तर चालंल, पण एकदम गार करू नको, ट्यूबवर दव धरतं. त्यापेक्षा सकाळी ७ ला वर्कशॉप उघडून घ्या.

चादरवाला_पोरगा:
शिपाईमामांना मस्का मारून ७ ला उघडलं, तिन्ही पॅनल १० च्या आत निघाले, पाकळ्या सगळ्या जागेवर. तारेचा जाळ हिरवागार आला, हँडलला आता चादरीचाच तुकडा शिवतोय.