घरचा फोन ठेवला की प्यावंसं वाटतं. ध्यानाने खरंच फरक पडतो का?

रूमवरचा_टीई:
इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात रूमवर राहतो. आधी सबमिशन संपलं की सगळे मिळून बसायचो, तेवढंच. आता एकटाही पितो. एम-थ्रीची केटी निघत नाहीये, म्हणजे गणिताचा राहिलेला पेपर अजून सुटत नाहीये. बाबा रागवत नाहीत, फक्त "बघ बाबा, तुझं तू" म्हणतात आणि फोन ठेवतात. मग छातीत काहीतरी दाटतं आणि पाय वाइन शॉपकडे वळतात. मैत्रीण म्हणाली, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दे. बसलो की बाबांचं तेच वाक्य आणखी मोठ्याने ऐकू येतं. कुणाला खरंच उपयोग झालाय का?

समुपदेशक_ताई:
आधी एक सांग. सकाळी हात थरथरतात का? घाम सुटतो, प्यायल्याशिवाय चैन पडत नाही, असं होतं का? तसं असेल तर ध्यान राहू दे, डॉक्टरकडे जा. शरीराला सवय लागलेली असताना दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते.

तसं नसेल तर पुढचं वाच. मी कॉलेजात समुपदेशन करते. मजेसाठी पिणारी मुलं येतात, आतलं दुखणं दाबायला पिणारीही येतात. दुखणं दाबायला पिणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते, पिण्याचं प्रमाण तेवढंच असलं तरी. तुझा क्रम तूच लिहिलायस: फोन, छातीतलं दाटणं, दुकान. मधल्या पायरीवर थांबायला शिकायचंय.

सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अ‍ॅलन मार्लट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. कॉलेजच्या मुलांच्या पिण्यावर त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं, विपश्यनेचाही अभ्यास केला. ते म्हणायचे, तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते. तिच्याशी भांडायचं नाही, तिचं ऐकायचंही नाही, ती शरीरात कुठे जाणवते ते बघत राहायचं. मन शांत व्हायलाच हवं असं नाही. वाक्य ऐकू येतंय? येऊ दे.

फोन ठेवलास की डोळे उघडेच ठेव. तळवे फरशीला टेकव. जे वाटतंय त्याला नाव दे: "लाज वाटतेय", "घशात आवंढा आलाय". बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत जोर कमी होतो. मग मेसला जा, जेव. उपाशीपोटी हे सगळं फार अवघड जातं.

सातारकर_मुलगी:
मी एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) बैठकांना जाते. तिथे तलफ आली की स्वतःला विचारायला सांगतात: भूक लागलीय, राग आलाय, एकटं वाटतंय, की दमलोय? माझं उत्तर बहुतेक वेळा "एकटं" असतं. श्वासावर लक्ष दिलं की मलाही घुसमटायचं. भांडी घासताना हातावरच्या पाण्याकडे लक्ष देणं मात्र जमलं. पुण्यातच आहेस, तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. रात्री फारच वाईट वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, मराठीत बोलता येतं.

रूमवरचा_टीई:
हात थरथरत नाहीत. बाबांचा फोन रविवारी येतो, त्या वेळी रूममेटला थांबायला सांगतो. ताई, घरी सांगावं का?

समुपदेशक_ताई:
सांग, पण प्यायलेला असताना नको आणि केटीचा विषय निघालेल्या फोनवर नको. आईशी जास्त मोकळं बोलता येत असेल तर आधी आईला. त्याआधी तुमच्या कॉलेजच्या समुपदेशकांना या आठवड्यातच भेट. घरी कसं बोलायचं ते त्यांच्यासमोर एकदा बोलून बघ.