सतरंजीवरच्या मंडळीला चर्च म्हणायचं का?

वडगावचा_विणकर
गेली दोन वर्षं मी रविवारी बेळगावच्या कॅम्पातल्या चर्चला जात नाही. वडगावात एका पॉवरलूम शेडच्या माडीवर आमची मंडळी भरते, तिथं जातो. बाक नाहीत, सतरंजी आहे. एक गीत मराठीत, एक कन्नडमध्ये. पेटी ज्याला येते तो वाजवतो. शास्त्रपाठ चालू असताना कुणी "हे मला पटलं नाही" म्हणालं तर तिथंच बोलणं होतं. मग चहा. बाप्तिस्मा झालाय का, आडनाव काय, कुणी विचारत नाही. घरचे म्हणतात, याला काय चर्च म्हणायचं? माझ्या मते हेच चर्च.

गेल्या पावसाळ्यात रात्रपाळी संपवून एक माणूस वर आला. केसांत सुताची भुरी. चपलांजवळ भिंतीला टेकून बसला. चार रविवार एक शब्द बोलला नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही. पाचव्या रविवारी चहाची किटली त्याच्या हातात होती. इस्त्रीचे कपडे घालून बसलेल्या लोकांत तो फाटकातूनच परतला असता. हे मी अंदाजानं बोलत नाही, माझे वडील तसेच परतले होते.

कॅम्पातली_आजी
बाळ, तुझ्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. ती चूक आमची. पण माझंही ऐक. माझे यजमान गेले ते मुसळधार पावसात, पहाटे तीनला. आठच्या आत पाळकसाहेब दारात, दफनभूमीत खणायला माणसं गेलेली, दुपारी मंडळीतल्या बायका पिठलं-भाकरी घेऊन आल्या. का? चर्चच्या सभासदांच्या वहीत आमचं नाव होतं, आणि वहीत नाव म्हणजे कुणावर तरी आपली जबाबदारी. तुमच्या किटलीवाल्याला उद्या काही झालं तर त्याला कुठं नेणार? लग्नाचंही तेच. १८७२ च्या ख्रिश्चन विवाह कायद्यानं दीक्षित पाळक, परवानाधारक सेवक नाहीतर विवाह निबंधक लागतो. हे सगळं माडीवर कोण बघणार?

निपाणीकर
आजी, वहीबाहेरचा ख्रिस्ती विचार आपल्या मराठीत जुना आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा, न घेतलेल्यांनाही. भजन-कीर्तन आपल्या मातीतलं. ख्रिस्ताकडे यायला परकी रीत ओलांडून यावं लागू नये, ही त्यांची तळमळ. वडगावची सतरंजी मला त्याच घरातली वाटते.

खानापूर_रोड
दरबाराचं पुढं काय झालं तेही सांगा की. टिळक मे १९१९ मध्ये गेले आणि त्यांच्यामागं दरबार फार चालला नाही. एका माणसाभोवती जमलेलं त्या माणसाबरोबर विरतं. आमचीही अशीच बैठक होती, एका शिक्षकांच्या घरी, सहा वर्षं. त्यांची बदली झाली. पहिल्या रविवारी अकराजण आलो, तिसऱ्या रविवारी चार, मग दाराला कुलूप. माझी लेक तिथं पहिलं गीत शिकली. अजून विचारते, "बाबा, आपली मंडळी कुठं गेली?" काय सांगू तिला? जुन्या चर्चमध्ये पाळक बदलतात, चर्च राहतं.

बैलहोंगलची_सून
मोकळं म्हणजे बिनशिस्त असंच का धरायचं? आमच्याकडं देशनूरला जेझुइट या कॅथलिक संघाच्या स्वामींचा, लिंगायत धर्तीचा विरक्त मठ आहे. भगवी वस्त्रं, मठाची रीत, कन्नडमधून उपासना. आणि तरी ते कॅथलिकच. बाहेरचं रूप गावाचं घेतलं, मूळ सोडलं नाही. वडगावकरांना माझा एकच प्रश्न आहे: प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस घ्यायचा विधी, तुमच्यात कोण देतं आणि कोण घेतं? एवढं ठरलं नसेल तर बाकीच्या मोकळेपणाला काय धरून ठेवणार?

शहापूरचा_शेजारी
मी ख्रिस्ती नाही. या माडीसमोर राहतो. डिसेंबर २०२१ मध्ये इथल्याच सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं, तेव्हापासून घरगुती प्रार्थनेकडं लोक संशयानं बघायला लागले. मीही बघत होतो. एकदा सरळ वर गेलो. बसा म्हणाले, चहा दिला, कशाचा आग्रह केला नाही. त्यामुळं माझं मन साफ आहे. पण आजींचं म्हणणं मला पटतं. पाटी नाही, नोंद नाही. उद्या कुणी दारात येऊन जाब विचारला तर तुमच्यातर्फे बोलणार कोण?

वडगावचा_विणकर
आजी, दफनभूमीचं तुमचं बोलणं फार लागलं. काल माडीवर विषय काढला आणि एक वही आणली. नाव, घरच्यांचा फोन, शेवटी कुठं न्यायचं. किटलीवाला म्हणाला, "माझ्या नावापुढं काय लिहिणार? घरी कुणी नाही." मी तिथं माझा नंबर लिहिला. जाब द्यायलाही आम्ही तिघांची नावं ठरवली.

प्रभुभोजनावर मात्र माझं मत तेच. आमच्यात भाकर हातोहात फिरते, बसलेला प्रत्येकजण घेतो. येशू पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारांच्या पंगतीला बसला तेव्हा आधी त्यांची नोंद बघितली नाही.

कॅम्पातली_आजी
ती पंगत वेगळी, बाळ. शेवटचं भोजन त्यानं शिष्यांबरोबर केलं, आणि प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात बजावलं की स्वतःला पारखून मगच भाकर घ्या. यावरून मी हलणार नाही.

त्या माणसाला घेऊन बुधवारी घरी ये. दफनभूमीचं पाळकसाहेबांना मी स्वतः विचारते.