यीस्टच्या मृत्यूत तंतुकणिकेतील प्रथिनांचा वाटा नेमका किती?

प्रश्न (सदस्य: संत्रानगरी_सूक्ष्मजीव)

नमस्कार. मी नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करत आहे. माझ्या प्रकल्पात बेकरीच्या यीस्टचा मूळ वाण आणि ज्यातून एआयएफ१ हे जनुक काढून टाकले आहे असा वाण, अशा दोहोंना ॲसेटिक आम्ल देऊन किती पेशी जगतात ते मी मोजत आहे. एआयएफ१ हे प्रथिन तंतुकणिकेतून निघून केंद्रकात शिरते आणि पेशीच्या मृत्यूला हातभार लावते, असे वाचले असल्यामुळे हे जनुक नसलेला वाण अधिक टिकेल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन्ही वाण जवळपास सारखेच मेले. वाढीसाठी दोन टक्के ग्लुकोजचे माध्यम, सामू ३ आणि आम्ल १८० मिलिमोलर घेतले होते. सायटोक्रोम सी हे श्वसनसाखळीतील प्रथिन तंतुकणिकेतून बाहेर पडल्यावर माणसाच्या पेशीप्रमाणे यीस्टची पेशीही मरते, एवढे गृहीत धरून मी प्रयोगाची आखणी केली होती. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर १ (सदस्य: जुना_पेट्रीवाला)

आधी मात्रेकडे पाहा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात सामू ३ असताना २० ते ८० मिलिमोलर ॲसेटिक आम्लाने नियंत्रित मृत्यूची लक्षणे दिसली होती, तर १२० ते २०० मिलिमोलरला पेशी सरळ फुटून मेल्या होत्या. तुमच्या मात्रेला पेशीला स्वतःच्या यंत्रणेने मरायला सवडच मिळत नाही, मग एक प्रथिन असले काय नि नसले काय, आकडे सारखेच येणार.

दुसरे गृहीतक अधिक खोलात जाणारे आहे. माणसाच्या पेशीत बाहेर आलेले सायटोक्रोम सी हे एपॅफ-१ या प्रथिनाशी जोडले जाते आणि त्यातून कॅस्पेजची, म्हणजे पेशीतील प्रथिने कापणाऱ्या विकरांची, साखळी सुरू होते. यीस्टमध्ये एपॅफ-१ नाही, तंतुकणिकेचे बाह्य आवरण भेदणाऱ्या आणि ते रोखणाऱ्या प्रथिनांचे बॅक्स-बीसीएल२ हे कुटुंबही नाही. गंमत म्हणजे माणसाचे किंवा उंदराचे बॅक्स यीस्टमध्ये घातले, तर सायटोक्रोम सी बाहेर पडते आणि पेशी मरते. म्हणजे तंतुकणिकेचे बाह्य आवरण भेद्य आहे; भेदणारा मात्र बाहेरून आणावा लागतो. ॲसेटिक आम्लानेही यीस्टमध्ये सायटोक्रोम सी बाहेर पडते, परंतु ते पुढे कोणाला आदेश देते असे म्हणण्यापेक्षा श्वसनसाखळी कोलमडून ऑक्सिजनचे घातक रेणू वाढतात असे म्हणणे मला अधिक पटते.

तिसरे, तुमचे ग्लुकोज. भरपूर ग्लुकोज मिळाले की यीस्ट किण्वनावर भागवते आणि श्वसन दडपून ठेवते. एन्डोन्यूक्लिएज-जी या डीएनए कापणाऱ्या तंतुकणिकेतील विकराचा यीस्टमधील भाऊबंद असलेल्या एनयूसी१ बद्दल २००७ साली नेमके हेच दिसले: श्वसन जोरात असताना ते जनुक काढले की मृत्यू घटतो, श्वसन दडपलेले असताना काढले तर उलट पेशी फुटून मरण्याचे प्रमाण वाढते. एकच प्रथिन मारकही आणि तारकही. म्हणून ग्लिसरॉलवर, जिथे किण्वनावर भागत नाही आणि श्वसनच करावे लागते, वाढवलेल्या पेशींचा एक संच अवश्य ठेवा.

उत्तर २ (सदस्य: वसाहत_मोजणारी)

वरील मांडणी मान्य आहे, पण अहवालात ‘ॲपॉप्टोसिस’ (पेशीचा नियंत्रित मृत्यू) हा शब्द जपून वापरावा. यीस्टच्या वायसीए१ या मेटाकॅस्पेजवर (कॅस्पेजच्या दूरच्या नातेवाईक विकरावर) माणसाच्या कॅस्पेजसाठी बनवलेले तपासणी-संच वापरून काढलेल्या निष्कर्षांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही, कारण मेटाकॅस्पेज आर्जिनीन किंवा लायसीननंतर छेद देतात, ॲस्पार्टिक आम्लानंतर नव्हे. आवरण फुटलेल्या पेशीतच शिरणारा प्रोपिडियम आयोडाइडचा रंग आत शिरला का आणि किती पेशींपासून वसाहती उगवल्या, ही दोन मोजमापे एकत्र द्या.

शिवाय सगळीच तंतुकणिका-प्रथिने मारक नसतात. बाह्य आवरणातील पीओआर१ हे छिद्र-प्रथिन काढल्यावर ॲसेटिक आम्लाने मृत्यू वाढतो, तर आतल्या आवरणातील एडीपी-एटीपी वाहक प्रथिने काढल्यास सायटोक्रोम सी बाहेर पडणे रोखले जाते.

एक घरगुती शंका: हा प्रयोग मे महिन्यात केला होता का? साधे इन्क्युबेटर फक्त तापवते, थंड करत नाही. खोलीच ३८ अंशांवर असेल, तर ३० अंशांचे बटण काही कामाचे नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा दोघांचे आभार. प्रयोग मेच्या तिसऱ्या आठवड्यातच झाला आणि आम्ल न दिलेल्या संचातही वसाहती कमी आल्या होत्या, ज्याचे खापर मी माझ्या पिपेटवर फोडले होते. आता थंड करणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये, ग्लुकोज आणि ग्लिसरॉल अशा दोन माध्यमांत, २० ते ८० मिलिमोलरच्या चार मात्रा घेऊन पुन्हा सुरुवात करतो.