पीजीची सीट मिळाली, पण ऑपरेशनची केस कोण देणार?

रानजाई: स्त्रीरोग विभागात पीजीच्या (एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) शेवटच्या वर्षाला आहे. आरक्षणातून सीट मिळते, शिकायला मिळेलच असं नाही. युनिटमध्ये नवा हाऊसमन (निवासी डॉक्टर) आला की पहिल्याच दिवशी विचारतात, "रँक किती?" खरं तर जाणून घ्यायची असते ती आरक्षणाची कॅटेगरी. मग काहींना सिझर करायला मिळतात आणि काहींच्या वाट्याला रिट्रॅक्टर (जखम उघडी ठेवायचं हत्यार) धरणं, डिस्चार्ज कार्डं लिहिणं, रक्तपेढीत पळणं. २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात याच विषयात पीजी करणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याची तक्रार घरच्यांनी केली, आई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. माझं म्हणणं एवढंच, कोणी किती सिझर स्वतः केली आणि किती नुसती असिस्ट केली, हे दर महिन्याला विभागाच्या बोर्डावर लागलं पाहिजे.

जुना सर्जन: छळ करणाऱ्याची गय करू नये, याबद्दल दुमत नाही. पण टेबलावर बाळंतीण असताना वाटण्या करता येत नाहीत. ज्याचा हात बसलाय त्यालाच मी केस देणार. बोर्डावर आकडे लावलेत तर पोरं आकड्यांमागे धावतील. आणि प्रवेशाचा कटऑफ खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल, आरक्षित गटांना ४०. हा फरक विभागात दिसतो, तो बोलायचाच नाही का?

विदर्भकर: सर, २०२३ मध्ये जागा रिकाम्या राहतात म्हणून नीट-पीजी या प्रवेश परीक्षेचा कटऑफ सगळ्याच गटांना शून्य पर्सेंटाइल केला, म्हणजे परीक्षा दिलेला कोणीही पात्र. पेशंटची काळजी होती तर तेव्हाही बोलायला हवं होतं. मॅनेजमेंट कोट्यातून आलेल्याला रँकवरून कोणी टोचत नाही. एमएसची, म्हणजे पीजीची शेवटची परीक्षा सगळ्यांना एकच, पासिंगही एकच. आणि हात बसतो तो केस मिळाल्यावरच ना?

भूलतज्ज्ञ_सांगली: बोर्डाने काही होईल असं मला वाटत नाही. टोमणे ड्युटीरूममध्ये मारतात, तिथे कुठला बोर्ड? यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी दोन्ही आहेत. पण तो अधिकारी कॉलेजातलाच. ज्याची थिसिसवर सही लागते त्याच्या सहकाऱ्याकडे कोण तक्रार नेईल? तक्रार कॉलेजबाहेर ऐकली जावी. आधी हे करा.

जुना सर्जन: तक्रार बाहेर जावी, हे मान्य. हाताबद्दलचंही खरं आहे, नवख्याला आम्हीच उभं करायचं असतं. पण आकडे चव्हाट्यावर नकोत. लॉगबुक (केलेल्या केसेसची नोंदवही) आहे, विभागप्रमुख बघतील.

रानजाई: सर, लॉगबुक परीक्षेच्या तोंडावर एका बैठकीत भरतात आणि सह्याही त्याच दिवशी होतात. तोवर तीन वर्षं गेलेली असतात. एखाद्याला सहा महिन्यांत एकही सिझर मिळालं नाही, हे सातव्या महिन्यात दिसलं तर काही करता येईल. बोर्डावर नावं नकोत तर युनिटच्या मासिक मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचा. टोमण्यांचं भूलतज्ज्ञ म्हणतात ते बरोबर आहे, पण आकडे असे वाचले की केस नाकारल्याची नोंद राहते. तक्रार बाहेर न्यायची म्हटलं तरी दाखवायला तेवढंच हातात असतं.