संत्र्याच्या झाडायच्या मधल्या जागेत मुसळी, अश्वगंधा, तुळस, गवती चहा एकत्र जमते का?

अकोटचं_वावर
राम राम मंडळी. सातपुड्याच्या पायथ्याशी आपलं दोन एकर वावर हाय, संत्रा लावून दुसरं वर्ष चालू, झाडायच्या मधातली जागा रिकामीच राहते अन् सोयाबीन आता परवडत नाही. सफेद मुसळी, अश्वगंधा, तुळस, गवती चहा सगळं मिसळून लावाचा विचार हाय. वरच्या अंगाला बरड (हलकी, मुरमाड) जमीन, खालच्या अंगाला काळी भारी. ड्रिप हाय. डुकराचा अन् रोह्याचा (नीलगायीचा) त्रास लय. कोणाच्या शेजारी काय लावू?

बरडकर
भाऊ, एका वाफ्यात सगळं नका घालू, पाणी पाहून जोड्या लावा. मुसळी जूनमधी गादीवाफ्यावर, अश्वगंधा पावसाचा जोर ओसरल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमधी, पण दोन्हीची मुळी पाणी साचलं का सडते, म्हणून दोन्ही बरडावरच घ्या. अश्वगंधेले ऊन पायजे, संत्रा मोठा होऊन सावली धरेपर्यंत जमते, पुढं नाही. अन् मुसळी खोदाची असते, झाडाच्या आळ्यापासून चांगली लांब ठेवा, खोदताना संत्र्याची मुळं दुखावली त डिंक्याले (खोडातून डिंक गळाच्या रोगाले) आयतं आवतन. गवती चहा मधात लावूच नका, त्याचं ठोंब चार-पाच वर्षं हालत नाही अन् जमिनीतलं नत्र ओढून घेते. धुऱ्यावर (बांधावर) लावा, माती धरून ठेवते. जनावर सहसा तोंड लावत नाही त्याले, पण त्याच्या वासानं डुक्कर मुसळी सोडन असं समजू नका, कंद उकरून खाते ते, कुंपण लागनच.

अंजनगाववाला
सोबतीचं पीक पाहाचं असन त आमच्या पानपिंपळीचे (औषधी पिंपळीच्या वेलाचे) मळे येऊन पाहा. वेल शेवरी-पांगाऱ्यावर चढवतात, त्याच झाडायची सावली भेटते, अन् दोन्ही शेंगवर्गीय, म्हणजे मुळावरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात. आपल्या बापजाद्यायनं हे कधीचंच जमवलं हाय, मले त्याचा अभिमान वाटते. पण पानपिंपळीले कायम ओल पायजे, मुसळीसंग तिची जोडी करू नका.

अकोटचं_वावर
मंग तुळशीचं कसं करू?

बरडकर
तुळस तीन महिन्यात कापणीले येते, मुसळीच्या वाफ्याच्या कडेनं एक ओळ चालन, फुलोऱ्यात मधमाश्या लय येतात, पुढं संत्र्याच्या बहारालेही त्या कामी पडतात. तेल काढाचं मनात असन त आसवन संच जवळ हाय का ते आधी पाहा, नाहीत पाला सावलीत वाळवून विका. अन् बाजार पाहूनच बेणं घ्या. मुसळीचं महाग बेणं विकून "माल आम्हीच घेऊ" म्हणणारे मंग फोन उचलत नाहीत, लय घरं बुडाली अशानं. अश्वगंधेची मुळी मध्यप्रदेशात नीमचच्या मंडीत जाते, तिथल्या अडत्याशी पेरणीच्या आधी बोला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान हाय, तिथं झाडं डोळ्यानं पाहून या, मंगच बेणं आणा.