मदत हवी आहे: भिशीत ‘स्थळ’ दाखवू की नको? (इंदूर)

पोहे_जिरावन:

नमस्कार. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितलं नाही तर तुम्ही ‘दाखवा की, त्यात काय’ म्हणून मोकळे व्हाल. म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही नऊ जणी, इंदूरच्या. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भिशी. पूर्वी चिठ्ठी काढायची, पोहे खायचे, कुणाच्या सुनेने काय केलं ते ऐकायचं आणि सहाला घरी. अडीच वर्षांपूर्वी मीच आगाऊपणा केला. म्हटलं, जिच्याकडे भिशी तिने एक नवी मराठी गोष्ट आणायची. पुस्तक, गाणं, सिनेमा, काय वाटेल ते, पण गेल्या आठ-दहा वर्षांतलं. इंदुरात मराठी नाटकं येतात, गाण्याच्या बैठकी होतात, नाही असं नाही. पण घरात नवं मराठी पुस्तक शेवटचं कधी आणलं विचारल्यावर सगळ्या माझ्या कपाटाकडे बघायला लागल्या.

सगळ्यांनी हो म्हटलं. तेव्हापासून बाकीच्यांचं आणलेलं सगळं चालतं आणि माझं सगळं पडतं.

पहिला नंबर माझाच होता. हौसेने ‘द डिसायपल’ लावला. चैतन्य ताम्हाणेंचा, २०२०चा, व्हेनिसला पटकथेचं बक्षीस मिळालेला. गाण्यावर इतका खरा सिनेमा मी मराठीत दुसरा पाहिलेला नाही. शरद रियाज करतो, गुरुजींची सेवा करतो, रात्री रिकाम्या रस्त्यावरून मोटरसायकल चालवताना माईंची जुनी व्याख्यानं कानाला लावून ऐकतो, आणि वर्षं जातात तसं त्याला उमगत जातं की आपल्या गळ्यात ते नाही. माईंचा आवाज सुमित्रा भाव्यांचा. त्या मोटरसायकलच्या प्रसंगांत मी दर वेळी पुतळ्यासारखी बसते. आमच्या रामबागेच्या काकू, वय ७९, आमच्यातल्या सगळ्यांत जाणकार. अमीर खांसाहेबांना समोर बसून ऐकलेल्या. त्या दुसऱ्या मोटरसायकललाच झोपल्या. उठल्यावर म्हणाल्या, “अगं, हा मुलगा शेवटपर्यंत नीट गातच नाही.”

मी म्हटलं, “काकू, सिनेमा तोच आहे.”

“मग त्याला दोन तास कशाला लागले?”

दुसऱ्या वेळी पुस्तक. कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’, २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार. धरणात गाव गेलेली माणसं आणि मागे रानात राहिलेली म्हैस. सुरुवातीची पानं मलाही जड गेली होती, मग एकदा कान लागला आणि दोन रात्रींत संपवलं. मी आपली मोठ्याने वाचायला बसले. सहाव्या पानावर राजेंद्र नगरवालीने विचारलं, “हे मराठीच आहे ना गं?” तिचीही चूक नाही. आम्ही ‘मी येऊन राहिले’, ‘तो बोलून राहिला’ म्हणणाऱ्या. कोल्हापूरकडची बोली आमच्या कानांवर कधी पडणार? पुस्तक तेव्हापासून कुणीच नेलेलं नाही.

आता बाकीच्यांचं बघा. स्कीम ७८वालीने (इंदूरची वस्ती आहे ती) ‘गुलाबी साडी’ लावलं. जळगावकडच्या त्या संजू राठोडचं, २०२४मध्ये सगळीकडे वाजत होतं ते. सात जणी नाचल्या, काकूंनी बसल्या जागी ताल धरला. मला गाणं वाईट वाटत नाही, पण त्यावर बोलायचं काय? लोकमान्य नगरवालीने ‘बाईपण भारी देवा’ आणला. सहा बहिणी, मंगळागौर, सगळ्यांचे डोळे ओले. माझेही, खोटं कशाला बोलू. फक्त इतक्या वर्षांची भांडणं मंगळागौरीच्या खेळात मिटतात हे मला तेव्हाही पटलं नाही, आताही नाही. आमच्या घरात दोन जावांचं कुकरच्या शिट्टीवरून झालेलं भांडण १९९८पासून चालू आहे.

‘संगीत मानापमान’ने तर मारामारीच व्हायची राहिली. सुबोध भावेंचा २०२५चा सिनेमा, शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत. मला बरा वाटला. डोळ्यांना श्रीमंत आहे, कानांना जरा घाईत आहे. काकूंचं म्हणणं, मूळ नाटकाला गोविंदराव टेंब्यांच्या चाली असताना दुसऱ्या कुणाला बोलवायचंच कशाला? मग त्यांनी १२ मार्च १९११ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली आणि तरी त्यांनी नाटकाच्या पहिल्या प्रयोगात भामिनीची भूमिका केली. ही गोष्ट आम्ही किमान दहा वेळा ऐकली आहे आणि दहाही वेळा पोह्यांची बशी हातात तशीच राहिली आहे. सिनेमाबद्दल मग कुणी बोललंच नाही.

तर आता मूळ मुद्दा. पुढच्या महिन्यात परत माझ्याकडे भिशी. गेल्या वर्षी मार्चमध्ये पुण्याला भाच्याकडे होते तेव्हा थेटरात जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ पाहिला. ७ मार्च २०२५ला लागला होता. त्याआधी २०२३मध्ये टोरांटोला पुरस्कार मिळालेला. चंद्रपूरकडचं गाव, कापूस पिकवणारं घर, सविता कॉलेजात समाजशास्त्र शिकते आणि तिला बघायला पाहुणे येत राहतात. दर वेळी तोच पाट, तीच पोह्यांची ताटली, तेच प्रश्न. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. सुरुवातीला सविताला स्वप्न पडतं, त्यात मुलगी मुलगा बघायला जाते. थेटर हसलं. तेच प्रश्न पुढे तिला विचारले गेले तेव्हा कुणाला हसू आलं नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे भाषा. वऱ्हाडी. ‘करून राहिला’, ‘जाऊन राहिली’. शेजारचे पुणेकर वाक्यावाक्याला गालात हसत होते आणि मी आपली माहेरी आल्यासारखी ऐकत होते. हा सिनेमा आमच्या नऊ जणींना पहिल्या मिनिटापासून कळेल याची मला खात्री आहे.

अडचण अशी की आमच्यातल्या सुदामा नगरवालीच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे. मुलगी २७ वर्षांची, बँकेत नोकरीला. वर्षभरात सात-आठ मुलं येऊन गेली. तिचा बायोडेटा आमच्याच भिशीच्या ग्रुपवर बनला. वर्णाच्या रकान्यात ‘गव्हाळ’ लिहावं की ‘निमगोरी’ यावर अर्धा तास चर्चा झाली. ‘निमगोरी लिही, फोटोत कोण बघतंय’ असं सुचवणारी मीच. तेव्हा मी ‘स्थळ’ पाहून सहा महिने झालेले होते. हे इथे लिहिताना हात अडखळतोय.

आता तिच्या आईला माझ्या दिवाणखान्यात बसवून हा सिनेमा दाखवायचा? तिला वाटेल, मुद्दाम केलं. न दाखवावा तर दुसरं काही सुचत नाही. ‘साबर बोंडं’ मनात आहे, रोहन कानवडेंचा, दोन पुरुषांच्या प्रेमाचा सिनेमा, पण तो मला आधी काकूंना एकटीला दाखवायचा आहे. काय करू? सिनेमा बघायची सोय माझ्याकडे आहे, तो प्रश्न नाही. आणि काकूंसाठी वेगळं काही असेल तर तेही सुचवा, दर वेळी झोपवायला बरं वाटत नाही.

वऱ्हाडी_ठेचा:

आमच्या बोलीला माहेर म्हटलंत, त्याबद्दल सव्वा रुपया ओवाळून टाकतो. मी यवतमाळचा. ‘स्थळ’ माझ्या आईने माझ्या बहिणीच्या शेजारी बसून पाहिला. मध्यंतरात आई उठली, म्हणाली, “एवढं का दाखवाचं असते?” बहीण म्हणाली, “एवढंच असते.” घरी येईपर्यंत दोघी गप्प होत्या. भांडण झालं नाही, पण नंतरच्या पाहुण्यांच्या वेळी आईने बहिणीला साडी नेस म्हटलं नाही. ड्रेसवरच बसली ती. बस, एवढाच फरक. दाखवा, पण बातमी देऊन दाखवा.

तंबोरा:

काकूंचं निदान अचूक आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्यासाठी ‘मी वसंतराव’. निपुण धर्माधिकारींचा, २०२२चा. राहुल देशपांडे आजोबांच्या भूमिकेत आहेत आणि त्यांना त्यातल्या गाण्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. इथे गाणारा माणूस भरपूर गातो, त्यामुळे काकू जाग्या राहतील. शिवाय त्यात मास्टर दीनानाथ आहेत. लताबाईंचा जन्म १९२९मध्ये तुमच्याच शीख मोहल्ल्यातला, हे काकू सांगतीलच. तेव्हा सिनेमा थांबवून ठेवायची तयारी ठेवा.

पोहे_जिरावन:

तंबोरा, त्या सांगतीलच नाही, त्या त्या गल्लीपर्यंत सगळ्यांना घेऊन जातील. आभार, नाव लिहून घेतलं.

सडेतोड:

मला कळत नाही, भिशीत लोक चार घटका हसायला येतात. तिथे विषय काढून कुणाच्या घरातल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं आणि त्याला अभिरुची म्हणायचं? तुम्हाला ‘गुलाबी साडी’वर बोलायला काही सापडत नाही, हा दोष गाण्याचा नाही. सात जणी एकाच वेळी उठून नाचल्या यावरच बोला की.

पोहे_जिरावन:

पहिल्या भागावर विचार करते आहे. दुसरा भाग लागला, पण बरोबर आहे. स्कीम ७८वालीचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती त्या दिवशी पहिल्यांदाच नाचली होती. मी तेव्हा स्वयंपाकघरात पोह्यांवर घालायचा जिरावन मसाला शोधत होते आणि मनात म्हणत होते, आता यावर काय चर्चा होणार.

रद्दीतला_राजा:

पुस्तकाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. ‘रिंगाण’ मोठ्याने वाचायचंच असेल तर त्या भागातल्या माणसाकडून ऐकायला हवं. डोळ्यांनी वाचून आवाजात आणलं की बोली कागदी होते. तुमची ऐकणारी चुकली नाही, वाचणारी चुकली. रागावू नका. भिशीसाठी कथा बऱ्या. किरण गुरवांचं ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ घ्या, त्यालाही अकादमी आहे, २०२१चं. मात्र मोठ्याने वाचू नका. एकीला द्या आणि महिनाभर काही विचारू नका. पुस्तक परत मागितलं की माणूस वाचल्याचं सोंग करतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

दोन_मुलींची_आई:

मी तुमच्या सुदामा नगरवालीच्या जागी आहे असं समजा. थोरलीसाठी दीड वर्ष झालं बघतोय. मला न सांगता असा सिनेमा लावला असता तर मी पोहे न खाता उठले असते. आधी फोन करून सांगितलं असतं तर कदाचित आले असते. सिनेमा वाईट आहे म्हणून नव्हे. बाकी आठ जणी पडद्याकडे बघायच्या सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसतील म्हणून. दिवे मालवून लावा. हे गंमत म्हणून लिहीत नाहीये.

आणि ताई, वर्णाचा रकाना आम्ही काढून टाकला. फोन आले दोन, ‘वर्ण लिहायचा राहिलाय’ म्हणून. आम्ही सांगितलं, राहिलेला नाही.

वऱ्हाडी_ठेचा:

दिवे मालवण्याला माझं अनुमोदन.

पोहे_जिरावन:

उशिरा लिहिते आहे, माफ करा. चार दिवस फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. शेवटी काल दुपारी सुदामा नगरवालीला लावला. सिनेमा काय आहे ते सगळं सांगितलं, तो पाट, ते प्रश्न. निमगोरीचंही बोलले. म्हटलं, ते मी सुचवायला नको होतं, तू तो शब्द काढ.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मिक्सरचा आवाज येत होता, तो बंद झाला. मग म्हणाली, “शब्द पोरीने केव्हाच काढून टाकलाय. तुला सांगायचं कसं म्हणून मी गप्प होते.”

मग म्हणाली, “लाव सिनेमा. मी येते.”

रात्री तिचा निरोप आला. मुलगीही यायचं म्हणते आहे. तिची एकच अट आहे, आईच्या शेजारी बसणार नाही. तिला मी काकूंच्या शेजारी खुर्ची ठेवते आहे. काकू झोपल्या तर कोपराने ढोसायचं काम तिच्याकडे.

आता एक शेवटचं विचारते आणि धागा बंद करते. सिनेमात पोह्यांची ताटली इतक्यांदा येते की त्या दिवशी पोहे ठेवायचा मला धीर होत नाहीये. गराडूचे, म्हणजे आमच्याकडच्या त्या कंदाचे, दिवस आहेत, तळून वर जिरावन-लिंबू मारलं तर नऊ आणि एक दहा जणींना किती किलो आणू? मागच्या वेळी दोन आणले होते, पुरले नव्हते.

वऱ्हाडी_ठेचा:

तीन आणा. सोलून निम्मे होतात.