अनुभव धागा : अण्णांचा निळा स्क्रीन आणि नवं विंडोज

सुरंगी
काल वाशीच्या घाऊक बाजारातून हंगामातली पहिली पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशोब, आली. ती वहीत उतरवायला बसले आणि अण्णांची आठवण आली, म्हणून लिहितेय.

अण्णा म्हणजे माझे सासरे. आमची आंब्याची बाग रत्नागिरीजवळ. १९९६ साली त्यांनी ओळखीतल्या एका मुलाकडून बागेच्या हिशोबाचा प्रोग्राम लिहून घेतला, विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणाऱ्या, नोंदी ठेवायच्या फॉक्सप्रोमध्ये. निळा स्क्रीन, पांढरी अक्षरं, माउसचा संबंध नाही. १ दाबलं की पेट्यांचा भरणा, २ दाबलं की पट्टी, ३ म्हणजे गड्यांची मजुरी. कुठल्या दलालाकडे किती पेट्या गेल्या, त्यात चार डझनी किती, पाच डझनी किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई-मोटारभाडं वजा जाता हातात काय आलं, सगळं त्यात. संध्याकाळी टेम्पो गेला की हातपाय धुऊन अण्णा खुर्चीत बसायचे आणि एका बोटाने आकडे भरायचे. मशीन बदललं, विंडोज एक्सपी आलं, मग ७ आलं, प्रोग्राम तोच. २०१७ मध्ये अण्णा गेले. आम्ही वही धरली, पण कॉम्प्युटर हलवला नाही.

दिवाळीत मुलाने विंडोज ११ चा लॅपटॉप आणला. जुना आता सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो, म्हणून अण्णांचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं, नव्यात टाकलं, डबल क्लिक केलं. हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालणार नाही. कम्पॅटिबिलिटीत जाऊन एक्सपी निवडलं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिलं, तेच. मुलाने शोधून काढलं की प्रोग्राम १६ बिटचा आहे, ६४ बिटचं विंडोज १६ बिटचं काहीच चालवत नाही आणि ११ तर ३२ बिटमध्ये येतच नाही. मग त्याने डॉसबॉक्स, म्हणजे नव्या मशीनवर जुना डॉस चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलं, अण्णांचं फोल्डर दाखवणारी माउंटची ओळ लिहिली, प्रोग्रामचं नाव टाइप केलं. निळा स्क्रीन आला! मी हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आले.

रात्री दोघं शेरे वाचत बसलो. अण्णा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. 'मोहोर करपला.' 'गडी आले नाहीत.' 'वानर.' एका मार्चात नुसतं 'वानर' सात वेळा. आणि १९ एप्रिल २००४ ला, 'आज पट्टी नाही. नातू झाला.' तो नातू माझ्या शेजारी बसून हे वाचत होता.

तुमच्याकडे असं काही जुन्यात अडकलंय का? कसं चालवलंत, काय हातचं गेलं, लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालतील.

चिरेबंदी
नातू झाला वाचून थांबलो दोन मिनिटं.

काजूबोंडू
ताई फॉक्सप्रो आमच्याकडे पण, काजू फॅक्टरीचा. डॉसबॉक्समध्ये उघडताक्षणी डिव्हाइड एरर येऊन बाहेर. कोणाला माहीत आहे का? फोनवरून लिहितोय, नंतर बघतो.

खाडीकाठ
चिपळूण. आमचा छापखाना बाजारपेठेत. २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकानात छातीपेक्षा वर पाणी. पानं जुळवायच्या पेजमेकरची मशीन, प्लेटा, कागद सगळं चिखलात. घरी वरच्या मजल्यावर सीड्यांचा डबा होता म्हणून पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका वाचल्या, असं वाटलं होतं.

नवीन मशीन आलं विंडोज १० चं. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला लावायच्या छोट्या लॉकवर चालायचं, ते लावलं तरच सुरू. लॉक चिखलातून शोधून, धुऊन, उन्हात वाळवून आणलं, तर नव्या मशीनला तसलं पोर्टच नाही. फाइल उघडली तर '॥ श्री गजानन प्रसन्न ॥' च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. गिऱ्हाईक समोर उभं, त्याला थोरल्या मुलीच्या पत्रिकेसारखीच धाकटीची हवी होती.

कळलं ते असं. ते जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली देवनागरी चित्रं. फॉन्ट नसेल तर खालची इंग्रजी उघडी पडते. सीडीत फॉन्टच्या फाइल सापडल्या, त्या नुसत्या इन्स्टॉल केल्या आणि मजकूर दिसायला लागला. वाचायला लॉक लागत नाही, फक्त त्या पद्धतीने नवीन टाइप करायला लागतं. मग कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणारी देवनागरी, करत गेलो. पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. 'आशीर्वाद', 'कार्यालय', 'वऱ्हाडी' हे शब्द प्रत्येक पत्रिकेत असतात आणि हेच फुटतात. आमच्या हिने चारशे पत्रिका एकेक ओळ वाचून दुरुस्त केल्या, दुपारची भांडी झाली की बसायची. तिचं नाव इथे लिहिलं तर तिला आवडणार नाही, पण श्रेय तिचंच आहे.

माडांची रांग
माझ्या बहिणीची पत्रिका तुमच्याकडचीच असणार बहुतेक. केळीच्या खांबांचं चित्र होतं का वर?

खाडीकाठ
होतं! दोन बाजूंना केळी आणि मध्ये सनई-चौघडा. तो ब्लॉक वडिलांच्या वेळचा, नंतर स्कॅन केलेला.

देवबागकार
बाय गो, वाचून डोळ्यांत पाणी इला. तुझ्या अण्णांका नमस्कार. माका कॉम्प्युटरातला काय एक कळणा नाय, पण माझ्या बापाशीची वही अजून आसा माझ्याकडे.

हर्णै बंदर
आमच्या मच्छीमार सोसायटीतला अनुभव सांगतो, कोणाला उपयोग होईल. जुना ३२ बिटचा प्रोग्राम, डिझेलचं रजिस्टर आणि सभासदांची खाती. विंडोज १० वर व्यवस्थित चालला. मग सकाळी दुसऱ्या कारकुनाने स्वतःच्या लॉगिनने उघडला तर आठ दिवसांच्या नोंदी गायब. माणसांवर संशय जायची वेळ आली हो. ज्याने नोंदी केल्या तो शपथा घेतोय, दुसरा म्हणतोय मला दिसत नाहीत, बाहेर तांडेल लोक, होड्यांचे कप्तान, उभे.

दोघंही खरे होते. जुने प्रोग्राम आपला डेटा प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्येच लिहितात. व्हिस्टापासून विंडोज तिथे लिहू देत नाही, गुपचूप प्रत्येकाच्या अ‍ॅपडेटामध्ये 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात वेगळी प्रत ठेवतं. म्हणून ज्याच्या त्याच्या लॉगिनला वेगळं चित्र. नोंदी तिथे सापडल्या, एकही गेली नव्हती. आम्ही प्रोग्राम थेट सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून तिथे बसवला, तेव्हापासून त्रास नाही. त्या कारकुनाची सगळ्यांसमोर माफी मागितली. ते करायलाच हवं होतं.

अबोली
बरं केलंत माफी मागितलीत. मी पतसंस्थेत आहे, आमच्याकडे पैशाच्या बाबतीत असं झालं की माणूस उभा जळतो.

आमचं पिग्मी मशीनचं, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीची नोंद घ्यायच्या मशीनचं. एजंट संध्याकाळी येतात, मशीन केबलने कॉम्प्युटरला जोडायचं, दिवसभराचा भरणा उतरवायचा. केबल जुनी सिरियल पोर्टची. नवीन कॉम्प्युटरला ते पोर्ट नाही म्हणून यूएसबी कन्व्हर्टर आणला. सॉफ्टवेअर म्हणे मशीन सापडत नाही. नऊ एजंट ओळीने बसलेले, त्यातल्या एकीला शेवटची एसटी गाठायची होती. शेवटी मीच डिव्हाइस मॅनेजर उघडलं, कन्व्हर्टरला कॉम ७ नंबर मिळालेला, आणि आमचं सॉफ्टवेअर कॉम १ ते ४ च बघतं. पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे नंबर बदलून २ केला. लगेच पहिला भरणा उतरला. त्या बाईंना स्टँडवर स्कूटरने सोडलं.

काजूबोंडू
स्टँडचं काम झालं का पुरं? दोन वर्षं आलो नाही गावी.

अबोली
कुठल्या स्टँडचं म्हणताय त्यावर आहे :)

सुरंगी
काजूबोंडू, डिव्हाइड एररचं मुलाला विचारलं. फॉक्सप्रोच्या त्या आवृत्त्या फार वेगवान प्रोसेसरवर सुरू होताना अडखळतात. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ ११ दाबत वेग कमी करा, मग उघडा. आमच्याकडेही पहिल्यांदा तेच झालं होतं.

काजूबोंडू
झालं!!! १९९९ चा बी खरेदीचा भाव समोर आहे. बाबांना दाखवतो.

रातांबा
कॉलेजात आम्हाला अजून टर्बो सी, सी भाषेचा जुना डॉसवरचा कंपायलर. लॅपटॉपवर डॉसबॉक्समधूनच चालवतो, ऑल्ट एंटर केलं की पूर्ण स्क्रीन. बाहेर जीसीसी या आजच्या कंपायलरवर तोच प्रोग्राम टाकला तर टर्बो सीच्या कोनिओ फाइलवर एरर, क्लिअर स्क्रीन चालत नाही. प्रॅक्टिकलला एक शिकायचं, कामाला दुसरं. सर चांगले आहेत, त्यांनी दोन्ही शिकवलं.

चिरेबंदी
प्रिंट कशी काढता सगळे? चिऱ्याच्या खाणीवर वजनाची पावती डॉट मॅट्रिक्सवर काढतो, तीन प्रती कार्बनच्या, लेझरला जमत नाहीत. प्रोग्राम डॉसचा, प्रिंटर यूएसबीवर.

हर्णै बंदर
साध्या डॉसबॉक्समध्ये छपाई नाही. डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस घ्या, त्यात आहे. ३२ बिटचं विंडोज असेल तर प्रिंटर शेअर करून नेट यूज या कमांडने एलपीटी १ ला, म्हणजे जुन्या प्रिंटर पोर्टच्या नावाला, जोडा, आम्ही पूर्वी तसंच करायचो.

चिरेबंदी
आमचं मशीन अजून एक्सपीच. इंटरनेटची वायर काढूनच टाकलीय.

अबोली
काढलेलीच ठेवा. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर सपोर्ट नाही. पेनड्राइव्हही जपून, तोच घरी आणि तोच खाणीवर असं नको.

माडांची रांग
आणि खाऱ्या वाऱ्याचं काय? आमचं घर समुद्रापासून हाकेवर. प्रोग्राम जिवंत, पण मशीनचे पिन हिरवे पडतात. पावसाळ्यात रोज तासभर चालू ठेवतो, आतली ओल बसत नाही. सीड्यांना मात्र बुरशी धरली, कडेने आत जाळी पसरल्यासारखी. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो गेले त्यात. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

देवबागकार
त्याच दिवशीचे फोटो पाव्हण्यांकडे आसतले, इचारून बघ.

माडांची रांग
हे सुचलंच नव्हतं. मावशीला आजच फोन करते.

रातांबा
सुरंगीकाकू, फॉक्सप्रोत २००० नंतरच्या तारखा कशा चालल्या? दोनच आकडे टाकले की ते १९ धरतं ना, ०४ म्हणजे १९०४?

सुरंगी
हो रे, बरोबर. जानेवारी २००० मध्ये तोच मुलगा येऊन रात्रभर बसला होता, वर्षाचे चारही आकडे दिसतील असं करून गेला. सासूबाईंनी त्याला पहाटे घावणे करून घातले होते. पैसे घेतले नाहीत त्याने.

खाडीकाठ
सुरंगीताई, एक राहून जाऊ नये म्हणून सांगतो. प्रोग्राम चालतोय तोवर डेटा बाहेर काढून ठेवा. फॉक्सप्रोच्या डीबीएफ, म्हणजे नोंदींच्या फाइल, लिब्रेऑफिसच्या कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये उघडतात. पण शेरे मेमो फील्डमध्ये, म्हणजे लांब मजकुराच्या रकान्यात, असतील तर ते डीबीएफमध्ये नसतात. त्याच नावाची, शेवटी एफपीटी असलेली दुसरी फाइल असते. नुसती डीबीएफ उचललीत तर आकडे येतील, शेरे मागे राहतील.

सुरंगी
दादा, खरंच बरं झालं सांगितलंत. नणंदेला दुबईला पाठवायला मी फक्त डीबीएफच बाजूला काढली होती. आता बघितलं, एफपीटी आहे, १२ एमबीची. दोन्ही एकत्र ठेवल्या, पेनड्राइव्हवर एक प्रत आणि मुलाकडे एक. कॅल्कमध्ये उघडून १९ एप्रिल शोधला, आला शेरा.

काजूबोंडू
पेटी काय भावाने देताय यंदा? पुण्याला पाठवता का?

सुरंगी
पाडव्यानंतर विचारा. आत्ता बाकीचं फळ अजून कोवळं आहे.